पद रिक्त असल्यास काय लिहायचं

सरकारी दवाखान्यांत माणसं का टिकत नाहीत, याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात मी अकरा महिन्यांच्या करारावर होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या ठरवून दिलेल्या आरोग्य उपकेंद्रांत जायचं, तिथली नर्स आणि पुरुष आरोग्यसेवक अशा दोघांच्या मुलाखती घ्यायच्या आणि उत्तरं टॅबमध्ये भरायची, एवढंच काम. माझ्याबरोबर निवडलेल्या दोघीजणी दोन महिन्यांतच सोडून गेल्या. त्यांचे तालुकेही माझ्याच गळ्यात पडले.

उमरखेडच्या बाजूला एका उपकेंद्रात पोचले तेव्हा लसीकरणाचा दिवस होता. व्हरांडा लेकुरवाळ्या बायांनी भरलेला आणि नर्सबाई एकटी. वयानं पन्नाशीची. माझं ओळखपत्र न बघताच म्हणाली, "सर्वे ना? बसा. हे लेकरं झाले का बोलू."

तीन वाजता तिनं डबा उघडला आणि जेवता जेवता उत्तरं दिली. शेजारच्या उपकेंद्राची नर्स बदलून गेल्यापासून तेही तिच्याकडंच होतं. "सकाळी इथं, दुपारी तिथं, आन् घरी गेल्यावर दोन्हीकडचं मोबाइलवर भरून राह्यली," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. नुसती दमली होती.

मग टॅबनं आरोग्यसेवकाचं वय विचारलं.

"ते कुठं आहेत?"

"कोणीच नाही. चार वर्सं झाले, जागा खालीच हाय."

मी रकाना रिकामा ठेवला. टॅब पुढं जाईना. शून्य टाकलं, तर म्हणे वय अठरापेक्षा कमी चालणार नाही. शेवटी अंगणात, जिथं रेंज मिळत होती तिथं उभी राहून मी कार्यालयातल्या सरांना स्पीकरवर फोन लावला.

"ते केंद्र सोडा," सर म्हणाले. "दोघंही हजर असतील असं दुसरं घ्या."

"सर, आपला अभ्यासच रिकाम्या जागांचा आहे ना?"

"हो, पण अर्धवट माहिती घेऊन काय करणार? मागं दोनदा बदललंच की तुम्ही."

ते खरं होतं. दोन उपकेंद्रांच्या दारातून मी अशीच परतले होते, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट एक चक्कर वाचली म्हणून बरंच वाटलं होतं.

नर्सबाई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हंजे ज्यायच्याकडं माणूस हाय, त्यायलेच इचारता का, माणूस काहून नाही म्हनून?"

मी तिची माहिती वहीत उतरवून घेतली आणि परतीच्या एसटीत सरांना लांबलचक मेल लिहिला. यापुढं एकही केंद्र बदलणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं की हा निर्णय माझ्या अधिकारात नाही. मी पुन्हा लिहिलं. तीन आठवडे हेच चाललं. दरम्यान टॅब घेत नव्हता ती केंद्रं मी वहीत उतरवत होते, आणि कार्यालयाच्या हिशेबी त्यांचं काम शून्य दिसत होतं. एकदा तर मला कामात सुधारणा करण्याची सूचनाही मिळाली. ती वाचून मी टॅब पलंगावर आपटला. मग फुटला तर नाही ना म्हणून घाईघाईनं उचलून बघितला.

शेवटी एका सोमवारी प्रश्नावलीत नवा पर्याय दिसला: 'पद रिक्त'. त्यासोबत ना पत्र, ना फोन.

सोडून दिलेल्या त्या दोन केंद्रांत मी परत गेले. पहिल्या ठिकाणची तरुण नर्स मला पाहताच म्हणाली, "मांगं त दारातूनच वापस गेलत्या. आता कायले आल्या?"

मी झालं ते सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ती पेशंट बघत राहिली. मी बाकावर दीड तास बसले. नंतर हात धुऊन ती समोर येऊन बसली.

"इचारा," ती म्हणाली. "पण आज सगळं लिवून घ्या."