दाजींचा शेरा

जाण्याच्या आदल्या दुपारी दाजी माझ्या दुकानात आले, संगणकावरच्या खेळातल्या एका कोंबडीला यथेच्छ नावं ठेवली आणि "उद्या हिचा शेरा लिहू, आज गुडघा ठणकून राह्यलाय" म्हणत चालते झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. चहा पिऊन भिंतीला टेकून बसले, ते बसलेच... असं गुपचूप जाणं माझ्या दाजींना अजिबात शोभलं नाही. जन्मभर दिसेल त्या गोष्टीवर शेरा मारणारा माणूस, आणि जाताना चकार शब्द नाही! आता महिना उलटून गेलाय. रडून झालंय. त्यांच्याबद्दल बोलायला बसलं की मला हसूच फुटतं, आणि ताई म्हणते, फुटू दे.

दाजी म्हणजे वसंतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. मूळचे कुंभार पिंपळगावचे, पण सगळी नोकरी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत गेली. काम काय, तर चाचणीच्या वाफ्यांची नोंद ठेवणं. नव्या वाणांचे छोटे छोटे वाफे लावलेले असायचे आणि प्रत्येक वाफ्यावर नुसता क्रमांक. वाण कुणी तयार केला, साहेबांनी की साहेबांच्या साहेबांनी, हे नोंद घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही. "नाव कळलं की डोळा झुकतो, मेव्हणे," दाजी सांगायचे. निवृत्त होऊन ते वडीगोद्रीला राहायला आले, तेव्हा मी हायवेला लागून नेट कॅफे थाटला होता. सकाळी निकाल बघणारी पोरं यायची, दुपारी वीज असली तर गिऱ्हाईक नसायचं आणि गिऱ्हाईक असलं तर वीज नसायची. अशा एका रिकाम्या दुपारी मी दाजींना एक संकेतस्थळ दाखवलं. जगभरातली माणसं एकेकटी बसून छोटे खेळ तयार करतात, अर्धेकच्चे असतानाच तिथं टाकतात, कुणीही ब्राउझरमध्ये उघडून खेळावं, आणि खाली विनवणी असते... कसा वाटला, सांगा.

दाजी खुर्चीतून अर्धे उठले. "आरं, हे तर चाचणीचे वाफेच की!"

त्या दिवसापासून दोन नंबरचा संगणक त्यांचा झाला. त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा कापून आणला. खेळ उघडला की करणाऱ्याचं नाव आणि इतरांनी लिहिलेली मतं त्या पुठ्ठ्याखाली झाकायची. मग खेळ तीनदा खेळायचा. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा मुद्दाम चुका करत, तिसऱ्यांदा माझ्याशी गप्पा मारत, कारण "माणूस घरी असाच खेळणार." मग रेघांच्या कागदावर चार रकाने पडायचे. उगवण, म्हणजे पहिल्या मिनिटात काय करायचं ते कळतं का. वाढ, म्हणजे खेळ हळूहळू अवघड होतो की एकदम अंगावर येतो. कीड, म्हणजे बिघाड. आणि उतारा, म्हणजे खेळ संपल्यावर मनात काय उरतं. एका रणगाड्याच्या खेळाचा शेरा मला अजून पाठ आहे. "उगवण बरी. वाढ एकाएकी. कीड : रणगाडा भिंतीतून आरपार जातो आणि त्याला लाज वाटत नाही. उतारा शून्य."

हे इंग्रजीत करून टंकायचं काम माझं. आणि इथंच तुमचा हा सेवक घसरला. मी स्वतःला समजावलं, कुठल्या तरी परमुलखात बिचाऱ्यांनी जीव ओतून केलेलं असतं, कशाला दुखवा? खरं कारण याहून हलकं होतं. "उगवण विरळ" याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, आणि "एक्सलंट" डोळे मिटून टंकता येत होतं. दाजी तल्लीन होऊन पानभर सांगायचे, मी गंभीर चेहऱ्यानं खडखड टंकायचो, आणि समुद्रापलीकडे फक्त फुलं पोचायची.

मग आली आइनो. फिनलंड नावाच्या गार देशातली बाई. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात हा खेळ, असं दोन वर्षं चाललेलं. तिच्या खेळात एक बेडूक तोंडात पाणी भरून उड्या मारत रोपांपर्यंत नेतो. दाजी त्या बेडकाला जीव लावून बसले. तिनं लिहिलं होतं की दोन आठवड्यांनी हा खेळ एका स्पर्धेत जाणार आहे, बाकी लोक दोन मिनिटं खेळून निघून जातात, तुम्ही एकटे शेवटपर्यंत खेळता, म्हणून मी तुमच्याच शब्दावर चालणार आहे. दाजींनी शेरा सांगितला : तिसऱ्या पडद्यावरचा, म्हणजे टप्प्यावरचा, चर फार रुंद, बेडूक दहादा पडतो, माणूस वैतागून उठतो, चर अरुंद करावा. मी टंकलं, तिसरा पडदा अप्रतिम, मन भरून आलं.

आठवड्यानं तिनं सुधारलेला खेळ टाकला. दाजी खेळायला बसले आणि बघता बघता त्यांच्या भुवया टोपीला टेकल्या. चर अरुंद तर झाला नव्हताच, पुढं तसलेच आणखी तीन पडदे वाढले होते, एकाहून एक रुंद. त्यांनी पुठ्ठा बाजूला केला आणि तिची चिठ्ठी बोट ठेवून, आपल्या कामापुरत्या इंग्रजीच्या आधारानं वाचली. बराच वेळ वाचली.

"मेव्हणे, ह्यात 'लव्ह' कुठून आलं?"

"ते... त्यांच्यात तसं लिहायची पद्धत आहे, दाजी."

"तिसरा पडदा मला लई आवडला म्हणून तिनं अजून तीन केले, असं लिहिलंय. मला कवा आवडला?"

मी सगळं कबूल केलं. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत, तीच शिक्षा. टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाफ्यावर खोटा शेरा मारला तर वाफ्याचं कायबी बिघडत न्हाई. जो पुढं पेरतो, त्याचं बिघडतं. ती बाई दोन वर्सं राबून राह्यली, अन् तू तिला ढकलून राह्यला खड्ड्यात. खरोखरच्या खड्ड्यात, बेडकासकट!"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. "किती दिवस हाईत स्पर्धेला?"

"सहा."

"मंग बस जल्दी. पहिलं वाक्य लिही. माझ्या बायकोचा भाऊ खोटारडा आहे."

"दाजी!"

"लिही. अन् बराबर लिही."

स्वतःची बदनामी स्वतःच्या हातानं, तीही डिक्शनरी बघून, टंकण्याचा मान किती जणांना मिळतो? त्यानंतर जुने सगळे कागद काढून खरा शेरा गेला. एका "विरळ"पायी अर्धा तास गेला. मधेच वीज गेली, लिहिलेलं उडालं, आणि वीज आल्यावर दाजींनी मला पुन्हा पहिल्या वाक्यापासून खोटारडा करून घेतलं. प्रत्येक ओळ मी मराठीत सांगायची, त्यांनी मान हलवायची, मगच पुढं.

तीन दिवस उत्तर नाही. दाजी दिवसातून चारदा चक्कर मारायचे. आत येऊन नुसते बघायचे, मी मान हलवली की परत जायचे. ताई म्हणाली, घरी नीट जेवत नाहीत. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पहिला दिवस मी तुम्हा दोघांवर चिडले होते, दुसऱ्या दिवशी माझाच खेळ तुमच्या कागदाप्रमाणे खेळून पाहिला, तिसऱ्या दिवशी नवे तिन्ही पडदे काढून टाकले आणि चर अरुंद केला. शेवटी होतं, खोटारड्या भावाला नमस्कार सांगा. स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं नाही. पण परीक्षकांनी कळवलं की तुमचा खेळ आम्ही शेवटपर्यंत खेळलो.

"शेवटपर्यंत खेळले ना?" दाजी म्हणाले. "मंग आला उतारा. चहा सांग." त्या चहाबरोबर भजीही सांगितली, बिनसाखरेचं पथ्य असलेल्या माणसानं वर जिलबीही खाल्ली, आणि ताईला मी हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

पुढं आइनोचा प्रत्येक खेळ आधी वडीगोद्रीला यायचा. दाजी गेल्यानंतर तेराव्याच्या सुमाराला तिचा नवा खेळ आला. मी तिला बातमी कळवली. तिनं चार ओळी लिहिल्या, त्या मी ताईला वाचून दाखवल्या. गेल्या आठवड्यात ताई दुपारची दुकानात आली. कधी पायरी न चढलेली माझी बहीण दोन नंबरसमोर बसली आणि म्हणाली, "लाव तो खेळ." एक मधमाशी होती, फुलांच्या रांगांमधून वाट काढणारी. ताईनं माउस पोळपाटावरच्या लाटण्यासारखा धरला, पण तीनदा खेळली.

"माशी लई भिरभिरती. कुणीकडं बघावं तेच कळंना. फुलं झ्याक हाईत. शेवट उगंच लांबवलाय. लिही."

"ताई, जरा गोड करून..."

तिनं बोटानं कीबोर्डकडे दाखवलं. मी जसंच्या तसं लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं, तिनं मान हलवली. मग मी विचारलं, "खाली नाव दाजींचंच टाकू? आइनोला बरं वाटंल."

ताईनं पदरानं डोळे टिपले, पण आवाज पक्का होता.

"त्यांचं कसं टाकतो? ते कुठं खेळलेत हा खेळ? माझं टाक."