काजळी जळेपर्यंत

बाबनराव तांडापेठेतले कोष्टी. पंचेचाळिशीपर्यंत मागावर बसले आणि माग विकावा लागला तेव्हा फारसा बोभाटा न करता डिझेलचा टेम्पो चालवायला शिकले. आता साठी उलटली होती. इतवारीच्या बाजारातून कापडाच्या गाठी भरायच्या आणि शहरातल्या दुकानांत उतरवायच्या, एवढंच काम. पण दुकानदार त्यांचीच वाट पाहत, कारण त्यांनी आणलेल्या कापडाला कधी धुराचा वास येत नसे.

कोष्ट्याच्या घरात सुताजवळ धूर चालत नाही. चूलसुद्धा मागापासून लांब, परसात. ती सवय त्यांच्याबरोबर गाडीत आली. दुकान दिसलं की इंजिन बंद, गल्लीत हातगाडी आडवी आली तरी बंद. हमाल हसायचे, "काका, गाडी चालवून राहिले का झोपवून?"

जुन्या टेम्पोला ते चालून गेलं. त्याच्या जागी घेतलेली ही नवी पिकअप मात्र वेगळ्या स्वभावाची निघाली. हिच्या सायलेन्सरच्या नळीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच तापून काजळी जाळते, पण त्यासाठी तिला मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पळावं लागतं. इतवारीत तेवढा वेळ कुठला मिळायला? पिवळा दिवा लागू लागला. वर्कशॉपमधल्या जितेंद्रनं सांगितलं, "काका, आठवड्यातून एकदा भंडारा रोडनं मौद्यापर्यंत पळवून आणत जा. दिवा जाते."

हे ऐकून खरा आनंद झाला तो त्यांच्या बायकोला, तुळजाबाईंना. धाकटी बहीण पंचफुला मौद्यालाच दिलेली. होळीपासून तिच्या पोटात पाणी भरत होतं आणि ती अंथरुणावरून उठत नव्हती. आईबाप गेलेले, भाऊ नाही. दोघी बहिणीच एकमेकींचं माहेर.

"गाडीले जायचंच हाय, तं मलेबी घेऊन चाला ना," त्या म्हणाल्या.

"येत्या रविवारी जाऊ."

रविवार आला की बाबनरावांच्या जिवावर येई. "रिकामी गाडी पळवाची? डिझेल काय नळाले येते का वं?" असे तीन रविवार गेले. तुळजाबाईंनी भांडण केलं नाही. तिन्ही वेळा फक्त नेसलेलं लुगडं बदलून पुन्हा घरातलं नेसल्या.

चौथ्या आठवड्यात जितेंद्रनं गाडीत नवं सॉफ्टवेअर टाकलं. लॅपटॉपची तार जोडून तासभर बसला आणि म्हणाला, "आता गाडी तुम्हाले आधीच सांगन काका, काजळीबी आपली आपण जाळन. पण पळवा लागनच, हे ध्यानात ठेवा." बाबनरावांनी स्वतःला हवं तेवढं ऐकलं. घरी येऊन म्हणाले, "झालं काम! आता गाडी सारं आपलं आपण करते. मौद्याले जायाची गरज नाही."

तुळजाबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या. "गाडीले नसंन," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी पंचफुलाच्या मुलीचा, रुचिकाचा फोन आला. "मावशी, आई तुझंच नाव घेऊन राहिली. लवकर ये."

या वेळी बाबनरावांनी लगेच किल्ली उचलली. दोघं तसेच निघाले. पारडी गेलं, कापसी गेलं, आणि पुढे पुलाच्या चढावर गाडीचा दमच तुटला. पाय पूर्ण दाबला तरी काटा तिसाच्या वर जाईना. पिवळ्याच्या जागी लाल दिवा. फोनवर जितेंद्र म्हणाला, "फिल्टर गच्च झाला, आता चालत्या गाडीत नाही जळत. बाजूले उभी करा, गवतावर नको, खालून आग निघते. काजळी जाळाचं बटन दाबा अन् अर्धा तास हात लावू नका. बंद तं बिलकुल करू नका."

गाडी जागेवर उभी राहून गरजायला लागली. जळक्या वासाची धग पायांपर्यंत येत होती.

मागून भंडाऱ्याला जाणारी एसटी आली. तुळजाबाईंनी हात वर केला. "मले जाऊ द्या बसनं. तुमी मागून या."

"थांब वं, होऊन राहिलं. बस रस्ताभर थांबे घेत जाईन. आपण तिच्या आधी पोचतो पाह्य."

हात खाली आला. एसटी गेली. मग दुसरी गेली, तेव्हा तुळजाबाईंनी हात उचललाच नाही.

चाळीस मिनिटांनी दिवा विझला. गाडी अशी निघाली, जशी शोरूममधून आणली त्या दिवशी निघाली होती. बाबनरावांच्या तोंडून जवळजवळ निघालंच होतं, "पाहिलं?" बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं.

दारातच रुचिका भेटली. "आत्ताच गेली आई, मावशी. पाच मिनिटंबी नाही झाले. तुमच्या दोघांसाठी चहा ठेवला होता मी."

तुळजाबाई आत गेल्या. रडण्याचा आवाज आला नाही, याचीच बाबनरावांना बाहेर भीती वाटत राहिली.

आंघोळ घालायची वेळ झाली तशी बायका विचारू लागल्या, शेवटची नेसवायची ती माहेरची साडी कुठं आहे? जिवंत बहिणीला भेटायला निघालेलं माणूस ती साडी बरोबर कशी आणेल? बाबनराव कोणी न सांगता उठले. गाडी हलक्या अंगानं बाजारापर्यंत पळाली. दुकानातून त्यांनी तुळजाबाईंना फोन लावला. "कोणता रंग घेऊ वं?"

"कोनताबी आना. तिले आता काय दिसते?"

दुकानदारानं पाच-सहा साड्या टाकल्या. बाबनरावांनी पहिलीचा काठ बोटांत धरून उजेडाकडे केला. धागा सुटला होता. ठेवली. दुसरीची वीण विरळ. तिसरीचा पदर वेगळ्या सुताचा.

"काका, शेवटच्यासाठीच न्याची ना?" दुकानदार हळूच म्हणाला. "मग एवढं काय पाहून राहिले?"

बाबनरावांनी चौथी उलगडली. खिशात फोन वाजला. पलीकडून तुळजाबाई म्हणत होत्या, "कुठं राहिले? सारे थांबले हायत."

"येतो वं," ते म्हणाले, "दोन मिनिटं," आणि पाचवीचा काठ उजेडाकडे धरला.