आठ नंबरची जागा

माझी बायको सुमन गेली तेव्हा मी खाली रिपोर्ट आणायला गेलो होतो. दोन मजले, चव्वेचाळीस पायऱ्या, रांगेत माझ्यापुढे पाच माणसं. वर आलो तर नर्सबाई दारातच उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. कॉटशेजारच्या स्टुलावर सुमनचा पिवळा टॉवेल पसरलेला होता. वॉर्डात स्टुलं कमी पडत. मी उठलो की ती कॉटवरूनच टॉवेल टाकून माझी जागा धरायची. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

जागा धरणं हे तिचं एकोणतीस वर्षांचं काम. आमचं घर मार्गासनीला. भोरच्या स्टँडवर एसटी लागली की मी माणसं चढायची वाट बघत उभा राहायचो आणि ही खिडकीतून टॉवेल आत टाकून मोकळी. मग आतून हाक यायची, "आवो, या, धरलीया." मी जमीन मोजणी खात्यातला माणूस. आमच्याकडे नंबर म्हणजे हद्द. टॉवेल टाकल्यानं जागा आपली होते हे मला कधी पटलं नाही... बसायचो मात्र.

आमचा मुलगा अमोल नोकरीनिमित्त व्हिएन्नाला असतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा आम्ही तिघं बसनं प्रागला निघालो. तिकिटं उशिरा काढल्यामुळे जागा विखुरल्या होत्या. सुमनला सात, अमोलला एकोणीस, मला तेहतीस. तिच्या शेजारची आठ नंबरची जागा रिकामी होती. तिनं पिशवीतून टॉवेल काढला आणि तिथं टाकला. मी हळूच सांगितलं की हे भोरचं स्टँड नाही, लोक हसतील, उचल तो. तिनं उचलला नाही. अमोल म्हणाला, "बाबा, बसा हो आईजवळ. आठवाला आला तर उठा." मी तिकीट पुन्हा वाचलं आणि तेहतीसवर जाऊन बसलो.

वाटेत एका शहरात माणसं चढली. एक उंच बाई आठ नंबरपाशी थांबली, टॉवेलकडे बोट करून काहीतरी म्हणाली. सुमनला भाषा कळली नसेल, पण प्रश्न जन्माचा ओळखीचा होता. ती शांतपणे म्हणाली, "आमचे हे हायेत हितं. येत्यात." बाई मान हलवून मागं आली आणि दिसेल त्या जागेवर बसली. म्हणजे नंबर कोणीच फारसे पाळत नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं. तरी उठलो नाही. तो येणारा माणूस मीच, हे गाडीभर कळलं असतं, याची लाज वाटली. चार तासांत ती दोनदा वळली. आमच्यामध्ये सहा रांगा होत्या. मला तिचा अंबाडा दिसत होता, बाहेर पिवळीधमक शेतं होती आणि ती काचेवर बोट ठेवून काहीतरी बघत होती... काय, ते मी विचारलं नाही. उतरताना टॉवेलची घडी करत एवढंच म्हणाली, "पोचला का तुमचा तेहतीस नंबर नीट?"

गावी आल्यावर ही गोष्ट तिनं सगळ्यांना हसत सांगितली. मीही हसायचो. पण एकदा गुंजवण्याला, तिच्या माहेरी, ती चुलीपाशी बहिणीला सांगत होती आणि मी ओसरीवर आहे हे तिला माहीत नव्हतं. "येवडा परदेश बगितला गं, पन एकटीनं बगितला." मी ऐकलं. त्यावर बोलायचं ठरवलं होतं, सवड काढून, नीट. त्यानंतर अकरा महिने ती होती. मी बोललो नाही.

मागच्या सोमवारी भोरहून येताना मी शेजारच्या सीटवर तो टॉवेल ठेवला. सवयीनं नाही, ठरवून. गाडी भरत गेली. डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी आली, म्हणाली, "दादा, हितं कोन हाय का?" येत्यात, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण गाडीत माणसं उभी होती. मी टॉवेल मांडीवर घेतला. म्हणालो, "न्हाई. बसा."

घरी ओसरीवर आमच्या दोन खुर्च्या आहेत. संध्याकाळी एकीवर मी बसतो, दुसरीवर टॉवेल टाकतो. तिथं अजून कोणी विचारलेलं नाही.