गेममधली बाई आणि भावाचा शर्ट
पेटीच्या तळाशी मोठ्या भावाचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट सापडला. नाकाशी धरला, तर उन्हात तापलेल्या पराटीचा, कापसाच्या झाडांचा, तोच कडवट वास, आणि संग्रामपूरजवळचं आमचं कापसाचं शेत डोळ्यांपुढे आलं. एका सकाळी मी वेचणीला निघाले तेव्हा त्यानंच तो माझ्या अंगावर टाकला होता, "घाल वं, पराटीनं हात सोलते." संध्याकाळी परतले तर तो ओट्यावर बसून मोबाइलवर गेम खेळत होता. काटेरी जंगलातून सैनिक चालले होते; गड्यांच्या अंगात जाड जाकिटं, आणि त्यांच्यातली एकुलती एक बाई तेवढी उघड्या पोटानं, उघड्या मांड्यांनी. बाह्यांना चिकटलेला कचरा काढता काढता मी सहज विचारलं, "हिले नाई का काटे टोचत?" तो एकदम भडकला, "म्या बनवला का तो गेम? तुले तं सगळ्यातच खोट दिसते!" घरातून भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तुले कोन काय म्हनलं, बापा?" त्यानं फोन पालथा ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसला. मी त्या बाईबद्दल विचारलं होतं, उत्तर त्यानं स्वतःबद्दल दिलं. आता वाटतं, सकाळी माझे हात सोलू नयेत म्हणून आठवणीनं शर्ट देणाराही तोच होता, म्हणूनच त्याला ते एवढं झोंबलं.