वाडी जवळच आहे

माझ्या साडूने गाडी घेतली, तेव्हापासून मला ॲसिडिटी आहे.

कारण सरळ आहे. सासऱ्यांचा मोठा जावई मी, त्यामुळे मानाचा नारळ माझा. (आमच्या वाट्याला मान म्हणून आलाय तो एवढाच!) पण ती पांढरी गाडी आल्यापासून सासूबाई पाण्याचा तांब्या आधी साडूपुढे धरू लागल्या. मला हे बघवत नाही.

सासऱ्यांनी सफाळ्याच्या आत नवी वाडी घेऊन बोअर मारली. मोटर सुरू करण्याआधी नारळ फोडायचा, मुहूर्त साडेअकराचा.

"येलेवर या. मोटा जावय नसंल तर धाकटा फोडंल. मुहूर्त थांबत नाय," सासरे फोनवर म्हणाले.

"वाडी किती आत आहे?"

"जवलच हाय."

तेवढ्यावर मी बोईसरहून स्कूटर काढली. पालघरच्या पंपापाशी बायको म्हणाली, "अहो, पेट्रोल भरा."

"कशाला? जवळच तर आहे."

सफाळ्याच्या पुढे एका आजोबांना विचारलं. "जवलच हाय." दोन टेकाडं ओलांडून भाजीवालीला विचारलं. "आता काय, जवलच हाय." तिसऱ्या 'जवलच'ला स्कूटर बंद पडली. आमच्या भागात चालत जाता येईल ते सगळं जवळ, आणि ही माणसं गुजरातपर्यंत चालत जातील! मीही इथलाच, पण स्कूटर आल्यापासून विसरलो होतो.

अकरा वाजून गेले. स्कूटर चिंचेखाली लावतोय, तोच मागून पांढरी गाडी आली. काच खाली झाली, आतून गार वारा आला आणि साडू हसला.

"दादा, बसा की. अजून किती आहे?"

मानाचा नारळ फोडायला मी ह्याच्या गाडीतून जायचं?

"व्हा पुढे. जवळच आहे."

"मी बसते," म्हणत बायको बसलीसुद्धा. नारळाची पिशवी तिच्याच हातात होती, हे मला गाडी वळणाआड गेल्यावर आठवलं.

मी घामाघूम होऊन पोहोचलो तेव्हा मोटर धो धो चालू होती आणि साडूच्या कपाळाला टिळा होता. त्याने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"एवडा उशीर?" सासूबाई म्हणाल्या. "जवलच तर हाय."

खोबरं गोड लागलं. त्याचाही राग आला.

निघताना साडू म्हणाला, "दादा, चिंचेपर्यंत सोडतो. बसा की." बायको केव्हाच गाडीत जाऊन बसली होती.

मी ताठ मानेने चपला घातल्या.

"राहू द्या हो. जवळच आहे."