आईची वही

"ए बाई, हात खाली घे! मागं हो."

भरल्या दालनात संचालक सर माझ्या आईवर ओरडले. तिनं काचेला हातही लावला नव्हता. काचेखाली एक जुनी वही उघडी ठेवलेली. पानावर बैल. आई हवेतच त्याच्या पाठीवरून बोट फिरवत होती.

जळगावचं हे संशोधन केंद्र एका मोठ्या चित्रकाराच्या नावाचं. ते गेल्यावर त्यांची चित्रं, पत्रं, वह्या इथं आणून ठेवल्या. मी धुळ्याला चित्रकला शिकले आणि इथं नोंदी करायच्या कामावर लागले. आमच्या वस्तीतून अशा जागी पोचलेली मी पहिली. प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मीच आईला पारोळ्याजवळच्या गावाहून बोलावलं होतं. लेक कुठं काम करते ते बघ म्हणून.

सर माझ्याकडे वळले. "कोण ही? तुमच्यातली का?"

मुंबईचे पाहुणे बघत होते. माझ्या गळ्यात केंद्राचं ओळखपत्र. आईच्या पायात रबरी चपला.

मी म्हणाले, "गावाकडची आहे, सर."

आईनं ऐकलं.

संध्याकाळी स्टँडवर मी तिला म्हटलं, "माय, आज राहा ना." ती एसटीत चढता चढता म्हणाली, "मी गावाकडची शे ना? गावले जास."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

रविवारी गावी गेले. ती ओट्यावर तूर निवडत होती. मी शेजारी बसले. माफी मागायची सोडून तिच्या सुपातले खडे वेचू लागले. तीच म्हणाली, "ती वही मनी शे."

ती वही तिची? वाटलं, रागात काहीतरी बोलतेय. मग तिनं सांगितलं. मी जन्मायच्या आधीच्या उन्हाळ्यात तो चित्रकार पाटलाच्या मळ्यात मुक्कामाला होता. आई तिथं झाडलोट करायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला तिनं आमच्या घराच्या भिंतीवर काव आणि चुन्यानं बैल, शेळ्या, मोर काढलेले. ते बघून त्यानं तिला वही दिली, पेन्सिल दिली. रोज दुपारी काढायला बसवलं.

"काढ म्हने, मी काढं. मंग वही लई गया. मुंबईले दखाडीसन परत दिसू म्हने. तवय तू पोटमा व्हती."

मुंबईला दाखवून परत देतो म्हणून नेलेली ती वही परत आलीच नव्हती. मी पिशवीतून कागद काढला. तिनं पदराला हात पुसले. मागच्या खुरापासून सुरुवात केली. पाठ, वशिंड, शिंगं, पुढचे पाय, पोट, परत खुरापर्यंत. हात एकदाही उचलला नाही. बैलाला डोळा नव्हता.

"डोया काबर नही?"

"डोया काढा का तो आपलाकडे देखस," ती म्हणाली आणि पुन्हा तुरीकडे वळली.

त्या वहीची नोंद मीच केली होती. डोळा नसलेली जनावरं, न उचललेली रेषा. चित्रकाराच्या बाकी एकाही वहीत असं नाही. मला ते दिसलं होतं. तरी मी लिहिलं होतं, "चित्रकाराच्या रेषेचा सर्वांत मुक्त काळ." आईच्या हाताला मी दुसऱ्याचं नाव दिलं होतं. माझ्या अक्षरात.

सोमवारी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट केला.

"नक्कल बरी जमलीय. बायका भिंतीवर काढतातच असलं काहीतरी. त्याला कला म्हणत नाहीत."

"सर, वही शेजारी ठेवून बघा. जाणकार बोलवा."

"तुमच्या लोकांना आत घेतलं की हेच होतं. आज वही मागता, उद्या केंद्र मागाल." मग हसले. "आणि ती आई का तुझी? त्या दिवशी तर गावाकडची होती."

तो घाव बरोबर लागला. कारण ते खरं होतं.

त्यांनी माझ्या नोंदींची छापायला जाणारी सूची पुढं सरकवली. "तपासणाऱ्याची सही कर आणि विषय संपव."

बाहेरच्या टेबलावरचे सगळे ऐकत होते. मी उभी राहिले.

"ती माझी आई आहे. भागाबाई तिचं नाव. त्या दिवशी मी खोटं बोलले. आज सही केली तर दुसऱ्यांदा बोलेन."

"मग राजीनामा दे."

"देणार नाही. सहीही करणार नाही."

विश्वस्तांना पत्र दिलंय. आईसमोर ती वही उघडा, एवढीच मागणी. उत्तर आलेलं नाही. मला नोंदींवरून काढून दालनात बसवलंय, पाहुण्यांना माहिती द्यायला. दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन सूची छापतील. छापू दे.

त्या काचेपाशी जो कोणी थांबतो, त्याला मी सांगते, हे बैल भागाबाईनं काढलेत. ती शेतमजूर आहे. जिवंत आहे. पारोळ्याजवळ राहते. माझी आई आहे. सर दारातून बघत असले की आवाज थोडा वाढवते.

मला इथून काढायचं असेल, तर याच कारणासाठी काढलं असं त्यांना कागदावर लिहून द्यावं लागेल. त्याशिवाय मी या दालनातून हलणार नाही.