एक्केचाळीस नंबरचं कासव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, निलंग्याला आईलासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगून राहिले? परवा पुन्हा पाकीट आलं — म्हणून.

मी नांदेडला, विष्णुपुरीकडं, एका प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. समुद्री कासवं किती उरली, कोणतं कोणाच्या वंशातलं, ते तपासतो आम्ही. आणि गंमत बघा, मी अजून समुद्रच पाहिला नाही! नमुने कोकणातून, किनाऱ्यावर कासवं राखणारे दामूकाका पाठवायचे. अंडी घालायला आलेल्या मादीच्या कातडीचा कणभर तुकडा, स्पिरिटच्या नळीत. आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, कारण पेनची शाई स्पिरिटात धुऊन जाते. काकांचा चारचा आकडा नेहमी एका अंगाला कललेला.

मी नवीनच होते तेव्हा. एक्केचाळीस नंबरची नळी हातातून सटकली, खाली बेसिन, नळ चालू. तुकडा गेला वाहून. चिठ्ठी तेवढी जाळीला चिकटून राहिली.

सरांना सांगायला नको होतं का? लई भ्याले हो. मी चाळीस नंबरचा तुकडा अर्धा कापला, नव्या नळीत टाकला, वर काकांची चिठ्ठी सोडली. म्हटलं, कोणाला काय कळतंय! अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

मशीननं दोन्ही नमुने एकाच कासवाचे म्हणून दाखवले. सर म्हणाले, "म्हातारा बेइमान निघाला. एकाच कासवाचे दोन तुकडे केले." मी तिथंच उभी होते. काकांचं काम सुटलं. जन्मभर किनारा राखलेला माणूस — आपल्याच गावात लबाड ठरला.

त्यांचा फोन मीच उचलला. "दोन कासवां होती गे बाय. देवाशपथ. दुसऱ्याचो उजवो पाय अर्धो होतो."

"मशीन खोटं बोलत नाही, काका." हे मी म्हणाले. मी!

तेव्हापासून दर हंगामाला माझ्या नावानं पाकीट येतं. पत्र नाही, निस्ती एक नळी. आत कातडीचा तुकडा आणि चिठ्ठी — ४१. एकही नळी मी तपासलेली नाही. काय निघेल ते मला ठाऊक नाही का? फ्रीजरच्या तळाशी, मागं सरकवून ठेवते. दुपारी लाईट गेली की फ्रीजरची घरघर थांबते, आणि आतून बारीक किणकिण येते, नळीवर नळी हळूच आपटावी तशी. बर्फ सुटतो, म्हणतात सगळे. असेल. पण मी त्या खोलीत एकटी थांबत नाही.

परवाच्या नळीतही पेन्सिलच. आकडाही तोच. पण चार सरळ उभा होता.

म्हणजे काका गेले. आणि त्यांच्या घरातलं कोणीतरी आता वाळूत बसून त्या अर्ध्या पायाच्या मादीची वाट बघून राहिलंय.

ती नळीही मी मागं सरकवली. पाकीट फाडून टाकलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं नाही.